गिरजाआत्याची नजर आणि माझी तुरटी

आमच्या घरात कौतुक करण्याचं काम गिरजाआत्याकडे होतं. बाकी कुणाला ते जमत नसे. माय सदा कामात, बाबा मळ्यात, आणि मी मुळातच तोंड मिटून बसणारी. आत्या बाबांची थोरली बहीण, दिलेली कामरगावला. महिन्या-दोन महिन्यांनी ती जीपनं येऊन कारंज्याच्या नाक्यावर उतरायची आणि तिथून आमच्या घरापर्यंत चालत येताना जे दिसेल त्याला चांगलं म्हणत यायची. कुणाचा गोठा, कुणाचं तान्हं, कुणाच्या दारची जास्वंद. घरात येऊन पाणी प्यायली तर पाण्याचं कौतुक. "काय गोड पानी हाये वं वयनी तुमच्या विहिरीचं! आमच्या इकडचं पेलं का दात आंबतेत." बाबांची वांगी ती हातात घेऊन अशी न्याहाळायची की ती आणखी जांभळी होत असावीत असं मला वाटे. माझी वही उघडून म्हणायची, "पाह्य बाप्पा, मोती टाकले पोट्टीनं कागदावर." मोती वगैरे काही नव्हते. पण ती गेल्यावर दोन दिवस मी खरोखरच चांगल्या अक्षरात लिहायची. मायची पातळभाजीही दोन दिवस जास्त चांगली व्हायची. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यानं हेच बंद पडलं.

आमचं घर वस्ती संपून मळे सुरू होतात तिथे. पुढे ओसरी, मग बसायची खोली, मग सैपाकघर, आणि मागच्या दारातून पाऊल टाकलं की थेट पालकाचा वाफा. पहाटे विहिरीवरच्या मोटारीची घरघर सुरू व्हायची, पाठोपाठ मायचं भाकर थापणं, आणि हौदाशी मुळे धुताना बाबांचं सूर हरवलेलं गुणगुणणं. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्या सांबाराचा आणि ओल्या मातीचा वास घराला, कपड्यांना, माझ्या दप्तरालाही होता. शाळेत शेजारची मुलगी म्हणायची, "तुह्या गणिताच्या वहीले फोडनी द्यावी वाटते."

अशा या घरात शेठ आला. बाबांकडून रोज भाजी घेणारे एक साहेब होते, त्यांची बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये काचेची टाकी कशी न्यायची, म्हणून त्यांनी ती माशासकट बाबांना देऊन टाकली. बाबा ती भाजीच्या हातगाडीवर ठेवून घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं आणि उरलेल्यात एक केशरी, गोल पोटाचा मासा आमच्याकडे बघत होता. तोंड सारखं उघडमीट. बाबा म्हणाले, "अडतीवरच्या शेठवानीच दिसते. बोलते लय, आयकू काहीच येत नाई." तेव्हापासून तो शेठ. खिडकीखालच्या लाकडी पेटीवर त्याची टाकी ठेवली. तळाशी रंगीत खडे होते आणि एक मातीचं बुटकं घर. बाजाराला निघण्याआधी बाबा टाकीपुढे उकिडवे बसायचे. "काय शेठ, वांगे काढू का आज?" शेठ तोंड उघडायचा. "बरं, काढतो." आयुष्यात बाबांनी सल्ला विचारलेला हा एकच जीव. मायचा त्यांनी कधी घेतला नाही. मायनं एकदा टाकीत भाकरीचा चुरा टाकता टाकता हे शेठलाच सांगितलं.

टाकीचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे होतं. आठवड्याला अर्धं पाणी काढायचं, विहिरीचं भरायचं, खडे धुवायचे. मी तेव्हा नववीत होते आणि आळस ही माझी एकमेव पूर्णवेळ आवड होती. एक आठवडा टाळला, दुसरा टाळला. खिडकीतून ऊन यायचं, त्यात मायचा भाकरीचा चुरा. पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवं, आणि शेवटी शेठ कुठे आहे हे तो काचेला चिकटेपर्यंत कळेना. शनिवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या गिरजाबाई येनार हाये. तिनं शेठले पाह्यलंच नाई आजून. सुमे, ते पानी साफ कर, पालकाची भाजी दिसून राह्यली."

आता बघा. विहिरीपासून खिडकीपर्यंत बारा-तेरा खेपा. आणि सैपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, तुरटीचा खडा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं की माय रांजणात तुरटीचे तीन वेढे फिरवायची. सकाळी गाळ खाली आणि वर पाणी असं, की तळाचा तडा दिसावा. हे मी जन्मापासून बघत आलेली. आमच्याकडे ज्यानं पाणी साफ होतं ती तुरटी, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. माणसं पितात ते पाणी, मग माशाला काय होणार? मी खडा घेतला आणि टाकीत तीन वेढे फिरवले. शेठ बाजूला झाला. पाणी फार हिरवं होतं, म्हणून सात वेढे फिरवले. मग हात दुखला. मग मला एक अक्कल सुचली, जी आजही आठवली की मी एकटी असले तरी पदर तोंडाशी नेते. लिंबाएवढा तो खडा मी मातीच्या बुटक्या घरात ठेवून दिला, रात्रभर आपोआप काम करेल म्हणून, आणि जेवायला बसले. त्या दिवशी ठेचा होता. दोन भाकरी खाल्ल्याचं आठवतं.

रविवारी सकाळी टाकी अशी होती की जणू पाणीच नाही, शेठ हवेत तरंगतोय. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुपारी आत्या आली. चपला काढायच्या आतच तिची नजर खिडकीकडे गेली आणि तिनं दोन्ही हात गालाला लावले.

"आवं मायवं! काय सोन्याचा तुकडा हाये हा! अन् किती गुबगुबीत! पोट पाह्य त्याचं, बाळंतिणीचं लेकरू दिसते. अन् पानी कसं, आरशावानी! म्या एवढ्या जन्मात असा मासा पाह्यला नाई, भाऊ."

बाबा खूष. मी तर फारच खूष. शेठ मात्र वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडत होता, नेहमीपेक्षा घाईनं. आत्या म्हणाली, "माह्याशी बोलून राह्यला." संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. सोमवारी उजाडताना बाबा सल्ला घ्यायला उकिडवे बसले आणि ओरडले. शेठ आडवा पडला होता, एका कुशीवर, एक डोळा छताकडे. कल्ले हलत होते तेवढेच.

आम्ही सगळे टाकीभोवती. बाबा, माय, मी, आणि मागे आत्या. माय कुणाकडेही न बघता म्हणाली, "काल तं चांगला होता. काल सकाळलोक चांगला होता." मग थांबून, "गुबगुबीत नाई म्हनू कोनाले." एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना, काही बी." पण त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही, आणि ते आत्यानं पाहिलं. तिनं पिशवी उचलली. माय भाकर टाकते म्हणाली, तर ती म्हणाली, "नाई वयनी, जीप भेटत नाई मंग." निघताना ती टाकीपासून चार हात लांब उभी राहिली, डोळ्यांवर पदर ओढला आणि पदराआडून म्हणाली, "माफ कर रे बाप्पा. माह्या ध्यानात नाई राह्यलं."

मी तिथे उभी होते. मातीच्या बुटक्या घरातला खडा मला दिसत होता, इतकं पाणी साफ होतं. तोंड उघडलंही. शेठसारखंच, आवाज आला नाही.

सगळे पांगल्यावर खडा काढला. सुपारीएवढा उरला होता. लपवायला जागा सुचेना, म्हणून बाबांच्या दाढीच्या डब्यात टाकला. तिथे त्यांचा स्वतःचा तुरटीचा तुकडा असायचाच, एकाचे दोन झाले तरी कुणी मोजत नाही असा हिशेब. दुसऱ्या दिवशी दाढी करून बाबा बाजारात गेले आणि परत येऊन मायला म्हणाले, "आज समदे माह्यापासून दूर काहून उभे राहून राह्यले होते वं? मले बी कायचा तरी वास येऊन राह्यला. डबक्यासारका."

मुश्ताकचाचांचं शिवणकामाचं दुकान शाळेच्या रस्त्यावर होतं. मापं द्यायला आलेल्या बायकांची पोरं शांत बसावीत म्हणून त्यांनी दुकानात माशांची मोठी टाकी ठेवली होती, आणि पोरांपेक्षा तेच तिच्याकडे जास्त बघत. मी सोमवारी दुपारी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत शेठचं पाणी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी बाटली उजेडात धरली. "पानी तं बढिया दिसून राह्यलं." मग बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं. त्यांचा चेहरा कच्चं बोर चावल्यासारखा झाला.

"तुरटी," चाचा म्हणाले. "कोनं टाकली?"

"मले माहीत नाई."

त्यांनी गळ्यातली मापाची टेप नीट केली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक हाये. ज्यानं कोनं टाकली, त्याले माहा निरोप सांगशीन?"

"सांगते."

"त्याले म्हन, तुरटीनं पानी साफ दिसते, पन मासोळीसाठी आंबट होते. कल्ले जळतेत तिचे. लिंबू पिळलेल्या डोळ्यानं तू शाळेत जाशीन का? तशी गत. अन् त्याले म्हन, आता घाबरून सारं पानी एका दमात फेकू नको, त्या धक्क्यानंच मरन. रोज तिसरा हिस्सा काढ. नळाचं नको, त्यात दवाई राह्यते. विहिरीचं घे, पन काढल्या काढल्या नको, दिवसभर बालटीत उघडं ठेव. मंग झारीनं वरतून सोड, पाऊस पडल्यावानी, हवा मिसळते. खडे धू. दोन दिवस खायाले देऊ नको. अन् चिमूटभर खडं मीठ. ध्यानात राहीन त्याच्या?"

"राहीन."

"अन् त्याले म्हन," चाचा मशीनवर बसत म्हणाले, "घरी सांगून टाकजो. नाई तं पोटात तुरटी राह्यते."

ज्यानं कोणी टाकली होती, त्यानं मग चार दिवस जे कष्ट केले ते आयुष्यात पुन्हा केले नाहीत. पहाटे उठून बालट्या भरायच्या, ओसरीवर ओळीनं मांडायच्या. शाळेतून आल्यावर टाकीतलं पाणी लोट्यानं काढायचं, ते सांबाराच्या वाफ्यात ओतायचं, आणि रोपांना पाणी द्यायची झारी घेऊन शेठवर पाऊस पाडायचा. झारी एका हातात, दुसरा हात कमरेवर. शेठ आडवाच, पण त्याचा वरचा डोळा माझ्यावर. मला खात्री होती की याला सगळं माहीत आहे. बाबा हे बघून विरघळून गेले. बाजारात सांगत सुटले, "आमच्या सुमीनं माशाची सेवा केली, सासऱ्याची बी कोनी करत नाई." प्रत्येक वेळी माझ्या पोटात तुरटीचा एक वेढा फिरायचा. चाचांनी सांगितलेलं मीठ मात्र मी टाकलं नाही. आता त्या पाण्यात काहीही टाकायची माझी छाती नव्हती.

ते मायनं टाकलं. बुधवारी दिवेलागणीला तिनं शेठची दृष्ट काढायचं ठरवलं. मुठीत खडं मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या. टाकीवरून मूठ ओवाळत ती पुटपुटत होती, "आल्या-गेल्याची, पाव्हन्या-रावळ्याची," आणि मिरचीचा खकाणा तिच्याच नाकात गेला. अशी शिंक आली की मूठ उघडली आणि सगळं टाकीत. मीठ तळाला, मोहरी अधेमधे, दोन मिरच्या वर तरंगताहेत, आणि मध्ये आडवा शेठ. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "आता जिऱ्याची फोडनी तेवढी दे." मी मिरच्या काढल्या, गाळणीनं जमेल तेवढी मोहरी काढली. मीठ विरघळून गेलं होतं.

गुरुवारी शेठ तिरपा झाला. शुक्रवारी उजाडताना सरळ. बाबांनी विचारलं, "मुळे नेऊ का?" आणि त्यानं तोंड उघडलं, आणि बाबा चक्क रडले. मी आनंदानं उडी मारणार, तेवढ्यात माय सैपाकघरातून आली, ओले हात पदराला पुसत म्हणाली, "पाह्यलं? म्या म्हनलं नव्हतं? मीठ पडलं अन् उतरली. नजरच होती."

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. शेठ मेला असता तर कशानंही मेला असता, मासे मरतातच. पण तो दृष्ट काढल्यावर बरा झाला होता. मी झारीनं घातलेला प्रत्येक पाऊस आत्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला. मायनं मुद्दाम वाईट केलं नाही, ती फक्त आनंदानं सगळ्यांना सांगत गेली, बाजारातल्या बायकांना, कामरगावच्या जीपवाल्यालाही. त्या जीपवाल्यानं ते पाचव्या मिनिटाला आत्याच्या दारात पोचवलं असणार.

आत्या दिवाळीला आली ती ओसरीवर खांबाकडे तोंड करून बसली. मला हळूच विचारलं, "मासा हाये का?"

"हाये. मोठा झाला."

"जास्त सांगू नको," ती म्हणाली आणि कानावर हात ठेवला.

त्यानंतर तिनं कशालाच चांगलं म्हटलं नाही. तिला स्वतःलाच ते पटलं होतं, हे सगळ्यात वाईट. मायच्या पातळभाजीला, "हाये, भाजी हाये." चुलत भावाला मुलगा झाला, लोकांनी बाळ तिच्या मांडीवर दिलं, तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हं, पोट्टं दिसते." मला दहावीला चांगले मार्क पडले, आत्या म्हणाली, "पेपर सोपे असतीन." नवी माणसं तिला खडूस समजायची. माझ्या लग्नात मी शालू नेसून तिच्या पाया पडले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले, काहीतरी म्हणेल म्हणून. ती पदर डोळ्यांवर ओढून म्हणाली, "कापड हाये. जाय." आणि तो शेठ! तो काही मरता मरेना. वर्षांमागून वर्षं, वाटीएवढा, मग ताटलीएवढा झाला. दर दिवाळीला जिवंत. शेवटी एका उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला, तेव्हा बाबांनी त्याला वांग्यांच्या ओळीत पुरला, आणि त्या वर्षी वांगी चांगली आली. ती चांगली आहेत असं म्हणायला कुणी नव्हतं.

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. बाबा गेले, माय गेली, मुश्ताकचाचा गेले, आणि मला वाटलं सुटले. तर गेल्या वर्षी माझ्या मुलीनं घरात गोल्डफिश आणला. तो वर येऊन तोंड वासायला लागला तेव्हा तिनं कसल्याशा कागदी पट्ट्या पाण्यात बुडवल्या, मोबाइलवर रंग जुळवले आणि सहज विचारलं, "आई, तू यात काही टाकलंस का?" या वेळी मी खरंच काही टाकलं नव्हतं. पण माझा चेहरा असा झाला म्हणे, की ती म्हणाली, "अगं, नुसतं विचारलं!" रविवारी मी तिला घेऊन कामरगावला गेले.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं. हिरवं पाणी, सात वेढे, बुटकं घर, दाढीचा डबा, चाचांचा निरोप, सगळं. माझी मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. आत्याचे हात थांबले.

"तुरटी?"

"होय."

"केवढी?"

"लिंबाएवढी."

"आबाबाबा," आत्या म्हणाली. मला वाटलं आता शेंगांचं सूप डोक्यात बसणार, आणि बसलं असतं तर मी हललेही नसते. ती म्हणाली, "म्या नातवाइले कडेवर नाई घेतलं वं सुमे. दोघाइलेबी. त्याइच्या तोंडाकडं पाह्यलं नाई धड." मी मान खाली घातली.

मग ती उठली. माझ्या मुलीची हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "काय देखनी पोट्टी हाये! नाक पाह्य, चाफ्याची कळी!" शेजारच्या अंगणात म्हैस बांधलेली होती. "अन् ते म्हैस पाह्य बाप्पा, कशी काळी कुळकुळीत, तेल लावल्यावानी!" पपई, सुनेचा चहा, दारावरून गेलेला एक अनोळखी माणूस, सगळ्यांचं करून झालं. इतक्या वर्षांचं साठलेलं दुपारभर बाहेर येत होतं. सून दारात येऊन माझ्याकडे बघायला लागली, सासूबाईंना काही झालं की काय म्हणून. निघताना मी धीर करून विचारलं, "आत्या, माह्या लग्नात मी कशी दिसत होती?"

आत्यानं खरोखर आठवून पाहिलं. "पावडर लय झाली होती," ती म्हणाली. "ते मी नजरेच्या भेवानं नव्हती दाबली, तुले वाईट वाटन म्हून दाबली होती."

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. आत्याचा आवाज इतका खणखणीत की मी कानापासून फोन लांब धरला. शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं होतं, पान्हाच सोडत नव्हती, आणि शेजारीण दारात येऊन म्हणाली होती, परवा कोणीतरी आमच्या म्हशीला कुळकुळीत म्हणत होतं. "मंग?" मी विचारलं. "तुमी काय म्हनलं?"

"मी कायले भेते आता?" आत्या म्हणाली. "मी सरळ तिच्या गोठ्यात गेली. म्हनलं, नजर-गिजर राहू दे बाजूले. हौदात काय टाकलं ते सांग आंधी."